यादीच्या शेपटाशी असलेले ते तीन ओव्हीए

प्रश्न असा होता: "एका ॲनिमे मालिकेचे दोन सीझन सलग बघितले. यादीच्या शेवटी 'ओव्हीए' म्हणून आणखी तीन भाग दिसले. एकात सगळी पात्रं गरम पाण्याच्या झऱ्यावर सहलीला जातात, दुसऱ्यात समुद्रावर, तिसऱ्यात शाळेचा मेळावा. कथा इंचभर पुढे सरकत नाही. पण जुने लोक म्हणतात, ॲनिमेतलं सगळ्यांत भारी काम ओव्हीएतच झालं. मग खरं काय? ओव्हीए आता संपले का? आणि हे तीन भाग बघू की सोडू?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. सोडलेत तरी काही बिघडणार नाही. पण तुम्ही बघितलेत तेवढ्यावरून ओव्हीए या प्रकाराबद्दल मत बनवू नका. तुमचे तीन भाग आणि जुन्या लोकांच्या डोक्यातले ओव्हीए यांचं नाव एक आहे, पण कूळ वेगळं.

मी पुण्यात जपानी शिकले, पाच वर्षं तोक्योत काढली, आणि गेली सोळा-सतरा वर्षं जपानीतून उपशीर्षकं करते. म्हणजे मी स्टुडिओत चित्रं काढणारी नाही. पण माझ्या हातात रोज स्क्रिप्टं येतात, करारातल्या काही ओळी दिसतात, कुठलं काम कुठल्या घाईत झालंय ते वासावरून कळतं. तेवढ्या जोरावर बोलते.

तुमचा खरा गोंधळ शब्दाचा आहे. ओव्हीए म्हणजे 'ओरिजिनल व्हिडिओ ॲनिमेशन'. आधी टीव्हीवर न लागता, चित्रपटगृहात न जाता थेट कॅसेटवर, पुढे डिस्कवर आलेलं काम. यात गोष्ट कसली, दर्जा काय, लांबी किती, याबद्दल एक अक्षर नाही. माल कुठल्या दारानं घरात आला एवढंच हे नाव सांगतं. आणि ते दार कोणी, कोणाच्या पैशानं उघडलं होतं, ते दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेलं. म्हणून मी कुठलाही ओव्हीए हातात आला की एकच गोष्ट आधी शोधते: याचे पैसे कोणी दिले, आणि कधी दिले? प्रेक्षकानं बघण्याआधी, बघितल्यावर, की न बघताच?

सत्तरच्या दशकात जपानी टीव्हीवरच्या ॲनिमेचे पैसे मुख्यतः प्रायोजक देत. रोबोची मालिका असेल तर खेळणी बनवणारी कंपनी. तिला गोष्टीशी देणंघेणं नसे, दर आठवड्याला पडद्यावर रोबो दिसला पाहिजे आणि दुकानात तो विकला गेला पाहिजे. १९७९ सालच्या पहिल्या 'गंडम'चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. बावन्न भाग ठरले होते, खेळणी खपेनात, प्रायोजकानं हात आखडता घेतला आणि मालिका त्रेचाळीस भागांत गुंडाळावी लागली. पुढे पुनःप्रक्षेपणात तीच मालिका डोक्यावर घेतली गेली, बांदाई कंपनीची प्लास्टिकची जोडणी-खेळणी धो धो खपली. घेणारी सगळीच पोरं लहान नव्हती, कॉलेजातलीही होती. त्यांच्या खिशात स्वतःचे पैसे होते. हा प्रेक्षक आहे, पण टीव्हीच्या हिशेबात तो कुठेच बसत नाही, हे धंद्यातल्या लोकांच्या तेव्हा लक्षात आलं.

त्याच सुमारास घराघरांत व्हीसीआर येत होते. १९८३च्या डिसेंबरात 'डॅलोस'ची पहिली कॅसेट आली. स्टुडिओ पिएरोचं काम, दिग्दर्शनात मामोरू ओशिई, विक्री बांदाईची. चंद्रावरच्या खाणकामगारांचं बंड अशी गोष्ट. पहिला ओव्हीए म्हणून याचं नाव घेतात. गंमत म्हणजे चार कॅसेटपैकी आधी बाजारात आली ती दुसऱ्या भागाची. टीव्हीवर असलं कोणी खपवून घेतलं नसतं. इथे मात्र ज्याला हवंय तो दुकानात येऊन घेईल, तो सांभाळून घेईल, असा भरवसा होता. गोष्ट म्हणाल तर आज थोडी सुस्त वाटते. पण दार उघडलं ते उघडलंच.

दोनच वर्षांनी, १९८५ साली, 'मेगाझोन २३' आला आणि या दाराचा दुसरा उपयोग कळला. ती मुळात टीव्ही मालिका व्हायची होती. काम सुरू असतानाच प्रायोजक निघून गेला. एरवी असं काम कपाटात जातं. इथे झालेलं काम जोडून, कापून, थेट व्हिडिओवर आणलं, आणि ते चाललं. म्हणजे प्रायोजकानं नाकारलेली गोष्टही प्रेक्षकाच्या पैशावर उभी राहते, हे दिसलं.

आता "प्रेक्षकाच्या पैशावर" म्हणताना एक गोष्ट सांगायला हवी. तो प्रेक्षक बऱ्याचदा थेट विकत घेत नसे. कॅसेट महाग होत्या. माझ्याकडे तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवेच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून शंभर येनला उचललेली एक कॅसेट आहे. खोक्याच्या मागे छापील किंमत: तीस मिनिटं, रंगीत, स्टिरिओ, ९,८०० येन. कण्यावर भाड्याच्या दुकानाचा पिवळा पडलेला गोल स्टिकर, आणि आत कॅसेटवरच चिकटवलेली चिठ्ठी, "कृपया रिवाइंड करून परत करा". ही चिठ्ठी बघून मला आमच्या वाड्यातली गणपतीतली रात्र आठवते. व्हीसीआर भाड्यानं आणायचा, तीन कॅसेट आणायच्या, आणि सकाळी परत करायच्या आत वर्गणी वसूल करायची. जपानात ऐंशीच्या दशकात भाड्याची दुकानं गल्लोगल्ली झाली आणि ओव्हीएचं खरं गिऱ्हाईक तीच होती. शेकडो दुकानांनी एकेक प्रत घेतली की खर्चाचा मोठा भाग निघे. वरचा नफा मग कट्टर शौकिनांकडून.

या व्यवस्थेनं कलाकारांना काय दिलं? मोकळीक, पण ती नेमकी कसली ते बघा. टीव्हीच्या एका भागाला साधारण तीन-चार हजार चित्रांत भागवायचं असा हिशेब असे, आणि आठवड्याला भाग बाहेर पडलाच पाहिजे. ओव्हीएला वेळ जास्त, चित्रं जास्त, लांबी हवी तेवढी. लहान मुलं संध्याकाळी बघतायत ही धास्ती नाही. आणि मध्ये जाहिरात नाही.

ओशिईंचंच १९८५ सालचं 'एंजल्स एग' घ्या. एक्काहत्तर मिनिटं, त्यात संवाद बोटांवर मोजावे इतके. उपशीर्षकांचे पैसे मिनिटाच्या दरानं मिळतात, त्यामुळे आमच्या धंद्यात यापेक्षा सुखाचं काम नाही, असा आमचा जुना विनोद आहे. पण विचार करा, हे कुठल्या प्रायोजकानं टीव्हीवर लागू दिलं असतं?

नाहीतर १९८९चं 'गंडम ००८०: वॉर इन द पॉकेट'. गंडमचा हा पहिला ओव्हीए, सहा भागांचा, आणि मूळ जनक योशियुकी तोमिनो यांच्याऐवजी फुमिहिको ताकायामा यांनी दिग्दर्शित केलेला. ज्या रोबोच्या नावावर मालिका विकायची तो पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. सगळी गोष्ट अकरा वर्षांच्या एका मुलाच्या नजरेतून. सुरुवातीला त्याला युद्ध म्हणजे मज्जा वाटते. शाळेच्या खिडकीतून लढणारी यंत्रं दिसली की तो हरखतो, सोबत्यांना चिन्हं-बिल्ले दाखवून भाव खातो. सहाव्या भागापर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू कुठे जातं ते तुम्हीच बघा. खेळणी विकणाऱ्याला आठवड्याच्या हिशेबात ही गोष्ट परवडली नसती. इथे गिऱ्हाईक वेगळं होतं. दहा वर्षांपूर्वी गंडम बघितलेला, आता नोकरीला लागलेला.

विक्रीचे प्रकारही निघाले. 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' हे योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांवरचं काम १९८८ ते १९९७ या काळात एकशे दहा भागांत पूर्ण झालं, आणि ते विकलं गेलं टपालानं. आपल्याकडे मासिकांना वर्गणीदार असतात ना, तसे याला वर्गणीदार होते. घरी कॅसेट यायची. शंभरावर पात्रं, पानंच्या पानं राजकारण, लोकशाही भ्रष्ट झाली तर चांगला हुकूमशहा बरा का यावर वाद. टीव्हीच्या आकड्यांवर चालायचं असतं तर दहाव्या भागाला बंद पडलं असतं. आधीच पैसे भरलेला वर्गणीदार मात्र कंटाळवाणा भागही निष्ठेनं बघतो. दिवाळी अंकात आपण एखादा रटाळ परिसंवाद वाचतोच की.

'पॅटलेबर'नं उलटी युक्ती केली. १९८८ साली कॅसेटची किंमत एकदम ४,८०० येनवर आणली, म्हणजे सामान्य शौकीन भाड्यानं न आणता विकत घेईल. मसामी युकी, ओशिई वगैरे पाच जणांनी 'हेडगिअर' नावाचा गट करून ते उभं केलं होतं. आधी ओव्हीए, त्याच्या जोरावर १९८९ साली चित्रपट, मग टीव्ही मालिका. क्रम बघा: इथे ओव्हीए म्हणजे नमुना. स्वस्तात बाजारात टाकून लोक येतात का ते बघायचं, आले तर मोठा खर्च करायचा.

आता जुन्या लोकांच्या आठवणींना थोडी कात्री लावते, कारण ते सगळं सोनं असल्यासारखं बोलतात. तसं नव्हतं. त्या काळात ढिगानं भिकार काम झालं. ऐंशीच्या शेवटी जपानात शेअर आणि जमिनीचे भाव फुगले होते, त्या बुडबुड्याच्या अर्थव्यवस्थेत पैसा स्वस्त होता, ॲनिमेशी संबंध नसलेल्या कंपन्याही पैसे ओतत होत्या. १९८४ सालापासूनच प्रौढांसाठीच्या अश्लील ओव्हीएंची वेगळी पेठ तयार झाली होती आणि ती चांगली मोठी होती. रक्त, मांस आणि किंकाळ्या एवढ्याच भांडवलावर निघालेल्या कॅसेटही कमी नव्हत्या. चाळीस वर्षांनी आपल्यापर्यंत पोचलंय ते गाळून पोचलंय. मी नाकानोच्या त्याच दुकानातून आणलेल्या अकरा कॅसेटपैकी दोन पुन्हा बघण्यासारख्या निघाल्या.

शिवाय मोकळिकीची दुसरी बाजू म्हणजे काम लटकणं. टीव्हीवाला मानगुटीवर बसलेला असतो म्हणून भाग बाहेर पडतो. 'जायंट रोबो'चे सात भाग १९९२ला सुरू झाले ते १९९८ला संपले. 'बबलगम क्रायसिस' तेरा भागांचा ठरला होता, १९८७ ते १९९१ मध्ये आठ भाग झाले आणि हक्क असलेल्या दोन कंपन्यांच्या भांडणात गाडी थांबली. 'डेव्हिलमन'चे १९८७ आणि १९९०चे दोन ओव्हीए बघून पुढचा कधी येतो याची लोक वाट बघत राहिले. त्या गाडीनं ती गोष्ट शेवटाला कधी नेलीच नाही. हे नाव लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

इथवरचं थोडक्यात: टीव्हीचा प्रायोजक नको म्हणत होता ते काम भाड्याच्या दुकानांच्या आणि शौकिनांच्या पैशावर उभं राहिलं. म्हणून ते धाडसी झालं, महाग झालं, आणि बेभरवशाचंही झालं.

मग हे संपलं कशानं? बुडबुडा फुटला, नव्वदीच्या सुरुवातीला पैसा आटला, हे एक कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण मला त्याहून मोठं वाटणारं कारण असं की ओव्हीएची युक्ती टीव्हीनंच उचलली. १९९५-९६ साली 'इव्हँजेलियन' लागलं आणि टीव्हीवर लागलेल्या मालिकेच्या कॅसेट-डिस्कवर किती पैसा होतो ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर मध्यरात्रीच्या प्रक्षेपणाची पद्धत फोफावली. रात्री एक-दोनला कोण बघतंय? म्हणून ती वेळ स्वस्त. मालिकेत गुंतलेल्या कंपन्या, म्हणजे डिस्क विकणारी, पुस्तक छापणारी, गाणी काढणारी, एकत्र येऊन 'सेइसाकु इइन्काइ' म्हणजे निर्मिती समिती करतात, आणि ती समितीच वाहिनीकडून वेळ विकत घेते. म्हणजे प्रक्षेपण ही डिस्कची जाहिरात. एका डिस्कवर दोन भाग, किंमत सहा-सात हजार येन. शौकिनानं पैसे द्यायचे, हा हिशेब जसाच्या तसा ओव्हीएचा. फरक एवढाच की आता तो आधी फुकट बघून मग विकत घेणार. कॅसेट न बघता घेण्यापेक्षा हे केव्हाही सोपं. मग सगळी महत्त्वाची कामं तिकडे सरकली. म्हणून ओव्हीए मेला असं मी म्हणत नाही, टीव्हीनं तो गिळला असं म्हणते. २००० नंतरही चांगले ओव्हीए आले. 'एफएलसीएल'चे सहा भाग २०००-०१चे, 'हेलसिंग अल्टिमेट'चे दहा भाग २००६ ते २०१२चे. पण ते अपवाद म्हणून लक्षात राहतात.

मग नाव उरलं, काम गेलं. रिकाम्या झालेल्या नावात काय भरलं गेलं, तर तुमचे तीन भाग.

याची यंत्रणा समजून घ्या म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचा राग येणार नाही. २००७च्या सुमाराला कोदान्शा या प्रकाशन कंपनीनं मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, खंडासोबत डीव्हीडी देण्याची पद्धत रुळवली. त्यांनी त्याला 'ओएडी', म्हणजे 'ओरिजिनल ॲनिमेशन डीव्हीडी', असं वेगळं नाव दिलं. मांगाचा नवा खंड दोन प्रकारांत येतो. साधा, आणि डिस्कसह मर्यादित आवृत्ती. दुसरा साध्याच्या कित्येक पट महाग. आणि तो आधी नोंदवावा लागतो, महिना-दोन महिने आधी मुदत संपते. आपल्याकडची प्रकाशनपूर्व नोंदणी आठवा. तेच तत्त्व. प्रकाशकाला किती प्रती लागणार हे आधीच कळतं, माल अंगावर पडत नाही. पैसे देणारा तोच वाचक आहे ज्याच्या कपाटात आधीचे बारा खंड आहेत. त्याला पात्रं ओळखीची आहेत, त्याला नवी माणसं नकोत, त्यांच्यासोबत आणखी अर्धा तास हवाय.

आता या अर्ध्या तासात लेखकानं काय लिहायचं? मुख्य कथेतला टप्पा इथे टाकला तर ज्यांनी ही आवृत्ती घेतली नाही त्यांना पुढचा सीझन कळणार नाही. म्हणून कथा न हलवता पात्रांना कुठेतरी न्यायचं. झरा, समुद्र, उत्सव, शाळेची सहल. दुसरं म्हणजे टीव्हीवर दाखवायला अवघड असं थोडं अंगप्रदर्शन झऱ्यात आपोआप बसतं, हेही खरं, लपवण्यात अर्थ नाही. अनेकदा हे काम मालिका संपल्यावर त्याच गटाच्या हातात उरलेल्या वेळात होतं. माझ्याकडे असल्या भागाची 'आफुरेको दाइहोन', म्हणजे आवाज देणाऱ्यांची संहिता, येते तेव्हा तिच्यावर शेवटच्या क्षणी पेनानं केलेल्या खाडाखोडी जास्त असतात. एकदा तर एका भागात एका पात्राचं आडनाव मालिकेतल्यापेक्षा वेगळं छापून आलं होतं. मी विचारल्यावर पलीकडून बराच वेळ काही उत्तर नाही, आणि मग "जुनंच ठेवा" एवढाच निरोप.

पण इथेही सरसकट बोलता येत नाही. 'त्सुबासा तोक्यो रेव्हलेशन्स' हे २००७चं काम मांगाच्या खंडांसोबतच आलं आणि त्यात कथेचा कणा होता. टीव्ही मालिका मूळ मांगापासून दूर गेली होती, वाचक चिडले होते, आणि ज्यांनी मांगा वाचली होती नेमक्या त्यांच्यासाठी हे केलं गेलं. गिऱ्हाईक तेच, पण या वेळी त्याला हवी होती ती खरी गोष्ट. 'अटॅक ऑन टायटन'च्या ओएडींमध्ये 'इल्सेची वही' आणि लीव्हायच्या भूतकाळाचे दोन भाग आहेत; ते झऱ्यातले नाहीत, बघाच. म्हणजे "ओएडी आहे म्हणून टाकाऊ" असाही नियम करू नका. विकत घेणाऱ्याला त्या वेळी कशाची भूक होती, यावर सगळं ठरतं.

जुन्या ओव्हीएचं खरं काम पुढे कोणी चालवलं, यात मला जास्त रस आहे, आणि ते दोन घरांत गेलं असं मला दिसतं.

एक चित्रपटगृह. २०१० ते २०१४ या काळात 'गंडम युनिकॉर्न'चे सात भाग आले, एकेक भाग साधारण तासाभराचा. मोजक्या चित्रपटगृहांत थोडे दिवस दाखवायचं, तिथेच बाहेर टेबलावर ब्ल्यू-रे विकायची, आणि सोबत पैसे भरून ऑनलाइन बघायची सोय. डिस्कवर इंग्रजी आवाज आणि इतर भाषांची उपशीर्षकंही होती, म्हणजे परदेशातलं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून हिशेबात. तोच माल २०१६ साली बावीस तुकडे करून टीव्हीवर लावला. 'यामातो २१९९'नंही २०१२-१३ साली असंच केलं. सव्वीस भागांची मालिका सात खेपांत आधी चित्रपटगृहात, मग टीव्हीवर. हे सगळं नावानं काहीही असो, आत्म्यानं ओव्हीएच. भाड्याच्या दुकानाची जागा तिकीट खिडकीनं घेतली. फरक असा की डिस्क घेणारा माणूस ती घेण्याआधी अंधारात दोनशे सारख्याच वेड्यांसोबत बसून आलेला असतो. जपानात असा एक खेळ मी बघितलाय. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे निमूट उठून डिस्कच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

दुसरं घर स्ट्रीमिंगचं. मघाशी 'डेव्हिलमन' लक्षात ठेवायला सांगितलं होतं. १९९० साली अर्धवट सुटलेली ती गोष्ट २०१८च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर मासाआकी युआसा यांनी दहा भागांत शेवटापर्यंत नेली, सगळे भाग एका दिवशी. त्यातलं रक्त आणि नग्नता बघता टीव्हीवर ते तसं लागलं नसतं. अशा कामांना 'ओएनए' म्हणतात, व्ही जाऊन नेटचा एन आला. इथे पैसे आधीच मिळतात. डिस्क किती खपतील याची चिंता नाही, प्रायोजक नाही, मध्यरात्रीची वेळ विकत घ्यायची नाही. जुन्या ओव्हीएचं सुख सगळं आहे. मला खटकतं ते एकच. कॅसेट घरात राहायची. करार संपला की प्लॅटफॉर्मवरून गोष्ट एका रात्रीत गायब होते, आणि डिस्क निघालीच नसेल तर शोधायची कुठे? माझ्या शंभर येनच्या कॅसेटला बुरशी लागलीय, पण ती आहे.

मधल्या मध्ये एक छोटा प्रयोग झाला तोही सांगते, कारण तो जुन्या कल्पनेच्या सगळ्यांत जवळचा आहे. 'लिटिल विच अकॅडमिया' हे ट्रिगर स्टुडिओचं लघुकाम २०१३ साली तरुण चित्रकारांना शिकवण्याच्या एका योजनेतून आलं. लोकांना आवडलं. पुढच्या भागासाठी किकस्टार्टरवर दीड लाख डॉलर मागितले, सहा लाखांहून अधिक जमले, आणि भाग ठरल्यापेक्षा खूप लांब झाला. प्रेक्षकानं बघण्याआधी पैसे दिले. 'लेजंड'च्या वर्गणीदारांचीच ही नातवंडं.

तुमचा गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आपल्याकडचं आहे. अमेरिकेत ऐंशीच्या शेवटी-नव्वदीत ॲनिमे शिरलं ते बरंचसं ओव्हीएच्या वाटेनं. चार-सहा कॅसेटचे हक्क घेणं छोट्या कंपनीला परवडे, पन्नास भागांची मालिका परवडत नसे. आपण ती पायरी गाळली. आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'मोगली' आला, मग कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन आणि ड्रॅगन बॉल झेड, २००४ला ॲनिमॅक्स, आणि तिथून थेट मोबाइल. सगळं टीव्हीचं. त्यामुळे आपल्याला ओव्हीए भेटला तो यादीच्या शेपटालाच.

मग एखादं काम समोर आलं तर ते कुठल्या जातीचं, हे कसं ओळखायचं? मी संहिता हातात आली की मधोमध बघते. टीव्हीच्या भागात जाहिरातीआधी आणि नंतर काही सेकंदांची झलक असते, तिला 'आयकॅच' म्हणतात. संहितेत 'ए पार्ट', 'बी पार्ट' असे दोन तुकडे. तुम्ही पडद्यावरही ते बघू शकता. बाविसेक मिनिटं, मध्ये झलक, आधी-नंतर मालिकेचंच गाणं असेल तर ते टीव्हीच्या साच्यातलं काम आहे, बहुधा खंडासोबतची भेट. लांबी विचित्र असेल, दर भागाची वेगळी असेल, मध्ये कुठेच श्वास घ्यायला जागा नसेल, तर कोणीतरी त्याचा वेगळा हिशेब केला होता असं समजा. दरवेळी बरोबर येतंच असं नाही, कारण काही जुने ओव्हीएही हौसेनं आयकॅच ठेवत. पण दहात सातदा येतं. आणि साल बघा: ८३ ते ९२ असेल तर निदान पहिला भाग बघितल्याशिवाय टाकू नका.

तुमच्या तीन भागांबद्दल: दोन सीझन संपवून पात्रांची आठवण येत असेल तर एखाद्या रविवारी जेवताना लावा. तिसरा सीझन येणार असेल तर त्याच्या आधी लावा. नाहीतर राहू द्या.

जुन्यातलं काही बघायचं असेल तर '००८०'पासून सुरू करा, त्याला आधीचं काही माहीत असावं लागत नाही. त्यानंतर 'गनबस्टर', १९८८-८९, सहा भाग, हिदेआकी आन्नो यांचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम. पहिले दोन भाग शाळकरी मुलींच्या क्रीडाकथेची टर उडवल्यासारखे वाटतील, कंटाळू नका. सहावा भाग जवळजवळ पूर्ण कृष्णधवल आहे आणि अगदी शेवटी रंग येतो. त्या शेवटच्या दृश्यात दिव्यांनी लिहिलेला एक शब्द दिसतो, 'ओकाएरिनासाइ'. बाहेरून घरी आलेल्या माणसाला घरातला माणूस जे म्हणतो ते. इंग्रजी उपशीर्षकात त्याचं स्वागत-बिगत होतं आणि चव जाते. आमच्या वर्गातल्या मुलांना दाखवताना मी तिथे मराठीत लिहिलं होतं, "आलात का?" एकीनं विचारलं की पडद्यावरच्या जपानी शब्दातलं शेवटचं अक्षर उलटं का लिहिलंय, चूक आहे का. मी तिला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही.